नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम थांबू नये म्हणून: टीमक्स



आजचा विषय जरा "कॉम्प्युटरवाल्यांचा" वाटेल. पण ज्यांनी आपलं बिलिंग, स्टॉक, उधारी भाड्याच्या सर्व्हरवर टाकलंय, किंवा टाकायचा विचार चाललाय, त्यांनी हा लेख वाचाच. ही गोष्ट माहीत नव्हती म्हणून मी एक अख्खी रात्र घालवली, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचा विश्वास जाता जाता राहिला.

माझं उरणला हार्डवेअरचं दुकान आहे, हे व्हिडिओ बघणाऱ्यांना माहीत आहे. नटबोल्ट, पत्रे, पाइप हे सगळं आहेच, पण करंजा आणि मोऱ्याच्या बोटींमुळे दोर, रंग, ब्रश, खिळे यांचा खप वेगळाच असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर असतात आणि त्याच काळात त्यांची डागडुजी आणि रंगकाम उरकलं जातं. त्यामुळे जुलैचा शेवट म्हणजे माझी दिवाळी. फक्त एक गोष्ट आहे, हा माल बराचसा उधारीवर जातो. बोट पुन्हा समुद्रात गेली, मासळी आली, की मग पैसे. म्हणजे जुलैमध्ये उधारीची वही हाच माझा खरा गल्ला.

ती वही मी ईआरपीनेक्स्टवर ठेवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे सॉफ्टवेअर आपल्या मुंबईतलं आहे. रुषभ मेहता यांना घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून ते स्वतःच लिहायला बसले आणि त्यातून २००८ साली आज फ्रॅपे नावाने ओळखली जाणारी कंपनी उभी राहिली. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. धंदेवाल्याने धंदेवाल्यासाठी केलेलं असल्यामुळे मला ते आवडतं.

सर्व्हर दुकानात न ठेवता डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलाय. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्या रायगड जिल्ह्यात कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती. ते बघितल्यावर दुकानातल्या पीसीवर सगळा हिशेब ठेवायची माझी हिंमतच झाली नाही. मात्र सर्व्हर लांब गेला की आपण आणि तो यांच्यात नेट येतं. आणि नेट कधी जाईल, काय सांगायचं!

त्या रात्री काय झालं

जुलै २०२४. बेलापूरला एक ट्रेनिंग संपवून रात्रीच्या लोकलने परत येत होतो. खारकोपर ते उरण गाडी त्याच वर्षी १२ जानेवारीला सुरू झाली होती, त्यामुळे गाडीत बसून लॅपटॉप उघडायची नवी हौस होती. मनात आलं, दुकान बंद आहे, कोणी बिल करत नाहीये, ईआरपीनेक्स्टचं अपडेट उरकून टाकू. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, एसएसएचने सर्व्हरला जोडलो, "बेंच अपडेट" लिहिलं आणि एंटर मारला.

माझ्या सर्व्हरवर या कामाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. आधी बॅकअप, मग नवीन कोड, मग डेटाबेसच्या टेबलांमध्ये बदल. हे चालू असताना साइट मेन्टेनन्स मोडमध्ये जाते, म्हणजे कोणी आत येऊ शकत नाही. बरोबरच आहे ते. दुकानात फरशी बसवताना आपण शटर अर्धं ओढून घेतोच की.

वाटेत नेटवर्क गेलं. स्क्रीन गोठली. घरी येऊन पुन्हा जोडलो तर माझी आधीची खिडकी नाही, अपडेट चालू नाही, आणि साइटवर फक्त मेन्टेनन्सची पाटी. काम कुठपर्यंत आलं होतं? टेबलांमधले निम्मे बदल झाले की सगळे? मला काही कळेना. परत चालवलं तर हिशेब बिघडेल का, या भीतीने रात्री अडीचपर्यंत नुसता वाचत बसलो.

सकाळी दुकानात ही गर्दी! बिलं कागदावर लिहायला लागलो. अकराच्या सुमारास करंज्याचे एक तांडेल आले. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. नवा माल घ्यायच्या आधी मागचं थोडं भरतो म्हणाले, आणि विचारलं, "माझं किती निघतं रे?"

सिस्टीम बंद आहे म्हणायची लाज वाटली. मी आठवणीने सांगितलं, "काका, त्रेचाळीसच्या आसपास असेल." त्यांनी दहा हजार मोजून दिले, माल घेतला आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी ओळखीचा एक मुलगा आला. त्याने आधी डेटाबेसचा वेगळा बॅकअप घेतला, मग अपडेट पुन्हा पहिल्यापासून चालवलं. ते पूर्ण झालं आणि साइट उघडली. मी पहिलं काय केलं असेल तर तांडेलकाकांचं खातं बघितलं. बाकी होती अडतीस हजार चारशे. मी चार हजार सहाशे जास्त सांगितले होते.

संध्याकाळी खात्याची प्रिंट घेऊन करंज्याला गेलो. काका म्हणाले, "मला ठाऊक होतं रे पोरा. आमच्या घरच्या वहीत लिहिलेलं आहे. तू कधी येतोस ते बघत होतो."

यात सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती. चूक माझी होती. चालत्या गाडीत, हॉटस्पॉटवर, ऐन सीझनमध्ये अपडेट लावलं आणि तेही उघड्या एसएसएचवर. त्या मुलाने जाता जाता एकच शब्द सांगितला, "दादा, टीमक्स वापरा."

काम बंद का पडतं?

हे नीट समजून घ्या, मग कमांड पाठ करायची गरज उरत नाही.

तुम्ही एसएसएचने सर्व्हरला जोडता तेव्हा सर्व्हर तुमच्यासाठी एक टर्मिनल उघडतो. त्यात तुम्ही जे काम सुरू करता ते त्या टर्मिनलला बांधलेलं असतं. कनेक्शन तुटलं, सर्व्हरच्या ते लक्षात आलं, की तो टर्मिनल मिटवतो आणि आतल्या कामांना एक निरोप जातो: हँग-अप. शब्द फोनवरूनच आलाय. पूर्वी लोक मोडेम लावून टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या कॉम्प्युटरला जोडायचे. पलीकडच्याने फोन ठेवला तर त्याची कामं उगाच चालू राहू नयेत, म्हणून ही सोय. निरोप मिळाला की बहुतेक प्रोग्रॅम गाशा गुंडाळतात. कधी हे लगेच होतं, कधी सर्व्हरला कळायलाच काही मिनिटं जातात. म्हणून एखाद्या वेळी काम वाचतं आणि आपल्याला वाटतं, काही होत नाही रे!

असं समजा, न्हावा-शेवाच्या यार्डात तुमचा माल उतरतोय आणि तुम्ही घरून फोनवर एकेका कामगाराला सांगताय, हे उचल, ते तिकडे ठेव. फोन कट झाला की कामगार हात झाडून उभे. आता तिथे एक मुकादम नेमला. तुम्ही मुकादमाला सांगितलं, कामगार त्याच्या हाताखाली. तुमचा फोन कट झाला तर काय झालं? काही नाही. मुकादम तिथेच आहे, काम चालूच आहे. दोन तासांनी फोन करा आणि विचारा, कुठवर आलं?

टीमक्स म्हणजे तो मुकादम. सर्व्हरवर तो स्वतःची एक वेगळी प्रक्रिया सुरू करतो आणि तुमचं काम तिच्या पोटात चालतं. तुमच्या स्क्रीनवर दिसते ती फक्त त्याच्याकडे बघायची खिडकी. नेट गेलं तर खिडकी बंद होते, आतलं काम नाही.

हा प्रोग्रॅम निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केला. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. त्याच्या आधीपासून स्क्रीन नावाचा प्रोग्रॅम आहे, १९८७चा, बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तयार झालेला. तोही हेच काम करतो. काही सर्व्हरवर टीमक्स नसतं पण स्क्रीन असतं, तर बिनधास्त ते वापरा.

आता हातात घेऊया

कमांड मी इथे आपण बोलतो तशा लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठं दिसतंय, तिथे थांबवून बघा.

पहिली गोष्ट, आधी एसएसएचने सर्व्हरवर जा आणि मग तिथे टीमक्स सुरू करा. हे मी मुद्दाम आधी सांगतोय. बॅचमधले निम्मे लोक आपल्या लॅपटॉपवर टीमक्स चालू करतात आणि त्याच्या आतून सर्व्हरला जोडतात. मग नेट गेलं की काम गेलंच! मुकादम यार्डात हवा, तुमच्या घरी बसून त्याचा काय उपयोग?

सर्व्हर उबुंटूचा असेल तर "सुडो एपीटी इन्स्टॉल टीमक्स". बऱ्याच ठिकाणी ते आधीच असतं.

मग "टीमक्स न्यू -एस अपडेट". यातलं "अपडेट" हे मी दिलेलं नाव. तुम्ही "बॅकअप" द्या, "स्टॉक" द्या. पण नाव द्याच, नाहीतर शून्य, एक, दोन असे आकडे पडतात आणि आठवड्याने कुठल्या आकड्यात काय चाललं होतं ते आठवत नाही. एंटर मारल्यावर स्क्रीन कोरी होते आणि खाली एक हिरवी पट्टी येते. ती पट्टी दिसतेय म्हणजे तुम्ही आत आहात. मी शिकवताना सांगतो, हिरवी पट्टी बघितल्याशिवाय मोठ्या कामाचा एंटर मारायचा नाही.

आता तुमचं काम सुरू करा. आणि बाहेर पडायचं असेल तेव्हा कंट्रोल दाबून ठेवून बी दाबा, दोन्ही सोडा, मग नुसतं डी. सोडायचं विसरू नका, तिन्ही एकदम दाबून काही होत नाही. याला डिटॅच म्हणतात. पट्टी गेली, तुम्ही बाहेर आलात, काम आत चालू आहे. लॅपटॉप बंद करा, लोकल पकडा, जेवा.

परत आलात की सर्व्हरला जोडा आणि "टीमक्स एलएस" लिहा. चालू असलेल्या सेशनची यादी येते. त्यातलं हवं ते उघडायला "टीमक्स अटॅच -टी अपडेट". जिथे सोडलं होतं तिथून पुढचं सगळं समोर.

नेट अचानक गेलं आणि डिटॅच करायला वेळच मिळाला नाही तर? तरी चालतं. तो तुमच्यासाठी आपोआप झालेला डिटॅचच असतो. पुन्हा जोडा, अटॅच करा. हे एकदा स्वतः करून बघा. टीमक्समध्ये "पिंग" चालू करा आणि लॅपटॉपचं वायफाय सरळ बंद करा. दोन मिनिटांनी परत या. आकडे पुढे गेलेले दिसले की पटतं. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, हे करून बघा.

एक फरक जिवाचा आहे. बाहेर पडताना "एक्झिट" लिहिलंत तर ते डिटॅच नाही. ती खिडकी खरोखर बंद होते आणि शेवटची असेल तर सेशनही संपतं. सवयीने एक्झिट लिहिणारे फार आहेत. मीही पहिल्या आठवड्यात दोनदा केलंय.

बाकीच्या सोयी जाता जाता. कंट्रोल-बी मग सी: त्याच सेशनमध्ये नवीन खिडकी. कंट्रोल-बी मग एन: पुढची खिडकी. कंट्रोल-बी मग % चिन्ह: स्क्रीनचे डावे-उजवे दोन भाग. मी डाव्या भागात अपडेट आणि उजव्यात सर्व्हरची मेमरी बघत बसतो. वर सरकून जुना मजकूर वाचायचा असेल तर कंट्रोल-बी मग डावा चौकोनी कंस, मग बाणाच्या कळा, आणि संपलं की क्यू. हे माहीत नसलं तर माउसचं चाक फिरवून लोक वैतागतात. पाठ करण्यासारखं मात्र फक्त न्यू, डिटॅच, एलएस आणि अटॅच. एवढ्यावर माझं वर्ष निघालंय.

स्क्रीन वापरणाऱ्यांसाठी: "स्क्रीन -एस अपडेट" ने सुरू, कंट्रोल-ए मग डी ने बाहेर, "स्क्रीन -आर अपडेट" ने परत. सुरू करतानाचा एस तिथे मोठा लिहायचा, एवढं लक्षात ठेवा.

मोबाइलवरून

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये लॅपटॉप कोण काढणार? अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे, त्यातून एसएसएच करता येतं. नाव ऐकून गोंधळ होतो. टर्मक्स हे फोनवरचं टर्मिनल, टीमक्स हा सर्व्हरवरचा मुकादम. दोन्ही वेगळे. टर्मक्समध्ये कीबोर्डच्या वर कंट्रोलचं बटण मिळतं, त्यामुळे कंट्रोल-बी दाबता येतं. दुकानातल्या पीसीवर सुरू केलेलं काम लाँचमधून बघायचं, एवढ्यापुरतं ते उत्तम आहे. मोठ्या कमांड त्या छोट्या कीबोर्डवर लिहू नका. एक अक्षर चुकलं तर किती महागात पडेल याचा नेम नाही.

फ्रीलान्सरकडून काम करून घेताना

आपल्यातल्या बहुतेकांचा सर्व्हर कोणीतरी मुलगा सांभाळतो, महिन्याचे काही पैसे ठरलेले असतात. त्याला मोठ्या अपडेटच्या आधी दोन प्रश्न विचारा. बॅकअप घेतला का? आणि टीमक्समध्ये चालवतोयस का? पहिल्याला "हो" आणि दुसऱ्याला "ते काय असतं?" असं उत्तर आलं तर त्याला हा लेख पाठवा, रागावू नका. मलाही माहीत नव्हतं.

आणखी एक उपयोग आहे, तो मला फार आवडतो. एकाच लॉगिनने दोघं सर्व्हरवर आलात आणि दोघांनी एकच सेशन अटॅच केलं, तर दोघांना एकच स्क्रीन दिसते. तो पनवेलला बसून टाइप करतो, मी उरणला बसून बघतो. आपल्या दुकानाच्या डेटावर काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं आणि फुकटात शिकवणीही होते. मात्र हेही लक्षात घ्या, ज्याच्याकडे ते लॉगिन आहे तो तुमच्या उघड्या सेशनमध्ये कधीही येऊ शकतो. काम संपल्यावर सेशन खरोखर बंद करा (इथे एक्झिट लिहायचं!) आणि माणूस काम सोडून गेला की त्याची चावी सर्व्हरवरून काढा. दुकानाची किल्ली परत घेतो, तसंच.

मुकादमाकडून काय होत नाही

सर्व्हरच बंद पडला किंवा रीस्टार्ट झाला तर टीमक्सची सगळी सेशन जातात. तो नेट जाण्यापासून वाचवतो, सर्व्हर जाण्यापासून नाही. बॅकअपची जागा तर तो मुळीच घेत नाही.

आणि जे काम चोवीस तास चालायला हवं, म्हणजे तुमची बिलिंगची साइट, ते टीमक्समध्ये सोडून देऊ नका. असे लोक मी पाहिलेत. ईआरपीनेक्स्ट "बेंच स्टार्ट" ने टीमक्समध्ये चालू करतात, डिटॅच करतात आणि झालं म्हणतात. "बेंच स्टार्ट" हे शिकण्या-तपासण्यापुरतं आहे. एके रात्री सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि सकाळी साइट नाही. कायमच्या कामासाठी सुपरवायझर नावाचा प्रोग्रॅम आहे. तो बंद पडलेलं काम स्वतः पुन्हा उभं करतो, सर्व्हर चालू झाल्यावरही. टीमक्स आहे तो सुरुवात-शेवट असलेल्या लांब कामांसाठी: अपडेट, बॅकअप उतरवणं, चार हजार आयटमची यादी चढवणं, जुना डेटा नव्या सर्व्हरवर नेणं.

काही जण विचारतील, "नोहप" लिहिलं तर चालत नाही का? चालतं. ते काम हँग-अपचा निरोप ऐकत नाही, चालू राहतं. पण तुम्हाला परत त्याच्यासमोर जाऊन बसता येत नाही. मध्येच अपडेटने "हो की नाही?" विचारलं तर उत्तर कोण देणार?

माझी आत्ताची पद्धत सांगतो. जून-जुलैत मोठं अपडेट नाही, अगदीच सुरक्षेचं असेल तरच. बाकी वेळी दुकान बंद झाल्यावर, घरच्या वायफायवर, आधी बॅकअप, मग टीमक्स, मग अपडेट. आणि उधारीच्या खात्यांची यादी दर शनिवारी कागदावर छापून गल्ल्याखाली ठेवतो. यंदा तांडेलकाका आले तेव्हा सिस्टीम नीट चालू होती, तरी मी त्यांना स्क्रीनही दाखवली आणि कागदही. त्यांनी चष्मा लावून कागदच वाचला.

सुपरवायझर कसा लावायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोपर्यंत पिंग लावून वायफाय बंद करायचा प्रयोग नक्की करून ठेवा, कारण पुढचं सगळं मी टीमक्सच्या आतच करून दाखवणार आहे.